खुंटीवरच्या सतरा किल्ल्या

मंगळवार, ७ डिसेंबर २००४

आज तालुक्याच्या बैठकीत मी वाटपाच्या यादीवर सही केली न्हाई. गावच्या पंचायतीची अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच.

रस्तेदुरुस्तीचा पैसा गावोगावची माणसं मोजून वाटायचा, असं ठरलंय. बरं. पण आमच्या यादीत कुलूपबंद घरं धरलीच न्हाईत. पुढं 'रिकामं' लिहून मोकळे. म्हणून आमच्या वाट्याला सगळ्यात कमी. रिकामी कशी? माणसं पुण्याला बांधकामावर गेलीत, आणि गेली ती ह्याच खड्ड्यांतून.

असं होणार हे मला ठाऊक होतं. म्हणून सकाळीच खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा पिशवीत टाकला. गाव सोडताना सगळे किल्ली माझ्याकडं ठेवतात. सतरा आहेत. तो जुडगा तालुक्याच्या साहेबांच्या टेबलावर, त्या यादीवरच ठेवला.

"हे काय, अक्का?"

"तुमची रिकामी घरं."

कारकून हसला. हसू दे. साहेब हसले न्हाईत. म्हणाले, ही माणसं परत येणार कशावरून?

तिथं मी अडखळले का? बहुतेक व्हय. सतरातली एक किल्ली माझ्या धाकट्या बहिणीची. दोन दिवाळ्या झाल्या, ती आलेली न्हाई. पण मग म्हटलं, "साहेब, कायमचा जाणारा माणूस शेजारी किल्ली कामून ठेवंल?"

त्यांनी सहीसाठी पेन पुढं केलं. मी किल्ल्या उचलल्या, पेन तिथंच राहू दिलं.

जुडगा परत खुंटीला अडकवलाय. धाकटीची किल्ली तेवढी गंजायलीय. तिला तेल लावलं.