कोयता कोणी नेला

शहापूर,
१८ फेब्रुवारी २००१

सौ. हिराताईस,

रवीचा नमस्कार. तू कशी आहेस हे विचारायचा हक्क मी घालवला आहे, तरी विचारतो. मी बरा आहे. शाळा चालू आहे. टोकावड्याला आईचे गुडघे फारच धरलेत, ओसरीवरून उतरताना भिंतीला हात लावते. तुझ्या माधुरीची दहावीची परीक्षा जवळ आली. भूमितीत अडत असेल तर तिला इकडे पाठव, असं लिहिणार होतो. पण तू पाठवणार नाहीस.

परवा धानके वकिलांकडे गेलो होतो. दाजींच्या अपिलाचं काय झालं ते विचारायला, असं मी स्वतःला सांगत होतो. त्यांनी खटल्याचे कागद पुढे ठेवले आणि म्हणाले, "गुरुजी, खून होताना कोणीच पाहिलेला नाही. जज्जसाहेबांनी माहीत असलेल्या गोष्टी एकापुढे एक मांडल्या आणि त्यातून निष्कर्ष काढला."

त्या गोष्टी तुला पाठ असतील. दाजींचं आणि कमळूचं बांधावरून भांडण होतं. त्या सोमवारी दुपारी महादूने दाजींना ओढ्याकडे जाताना पाहिलं. संध्याकाळी कमळू घरी आला नाही. मंगळवारी तो ओढ्यात सापडला, डोकं फुटलेलं, आणि वीस पावलांवर दाजींचा कोयता, पितळी कडं बसवलेला. कोयत्यावर रक्त नव्हतं, तर म्हणे पाण्यात धुतला असेल. डॉक्टर म्हणाले, जखम कोयत्याच्या पाठीने होऊ शकते, दगडावर आपटूनही होऊ शकते. आणि दाजी पहिल्यापासून म्हणत राहिले की कोयता सकाळपासून घरात नव्हता, हरवला होता. कोर्टाने ते खोटं धरलं. खोटं बोलतो म्हणजे लपवतो, असं धरलं.

वकील म्हणाले, "सगळं त्या कोयत्यावर उभं आहे. ओढ्याकडे तर रामू रोजच जायचा, त्याचं शेत तिथे. कोयता दुसऱ्या कोणी तिथे नेला असेल, तर यातून काहीच सिद्ध होत नाही."

ताई, मी नेला होता. तुला हे सांगायला नको. त्या सोमवारी सकाळी तूच पडवीतून काढून फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला होतास.

घराला वासे हवे होते म्हणून मी ओढ्याकाठच्या जंगलात शिरलो होतो. एक साग निम्मा तोडला आणि शिट्टी ऐकू आली. फॉरेस्टचा माणूस. मी कोयता तिथेच टाकून करवंदीच्या जाळीतून पळालो. कमळू मला दिसलासुद्धा नाही. तुझ्याकडे आलो तेव्हा शर्ट फाटला होता, अंगभर ओरखडे होते. तू विचारलंस, "कोयता कुठंय रे?" मी म्हटलं, "राहिला." पाणीही न पिता मुरबाडची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हाच मी पोलिसांकडे जायला हवं होतं. पण माझी मास्तरकीची ऑर्डर यायची होती. पोलिसांचा दाखला बाकी होता. जंगलतोडीची केस झाली असती तर नोकरी गेली असती. दाजी निर्दोष आहेत तर सुटतील, असं म्हणत मी जानेवारीत शाळेवर हजर झालो. पुढे त्यांना जन्मठेप झाली, तेव्हा मी दुसरं म्हणू लागलो: दाजींना तो कोयता तिथे पडलेला मिळाला असेल, त्यांनीच मारलं असेल. असं मनाला समजावलं की जेवण जायचं.

परवा वकिलांनी तुझी साक्ष वाचून दाखवली. "कोयता घरातून कधी गेला?" उत्तर: "मला माहीत नाही."

मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. तुला माहीत होतं. मग तू असं का म्हणालीस? घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात होतं, आणि मग कळलं. तूही तुला माहीत असलेल्या गोष्टी एकापुढे एक मांडल्या होत्यास. रवीने कोयता नेला. रवी घाबरलेला, ओरखडलेला आला. कोयता कमळूपाशी सापडला. तू मला खुनी ठरवलंस, आणि तरी वाचवलंस. नवरा आत जाताना बघत राहिलीस.

ताई, मी मारलं नाही. कोणी मारलं, की तो घसरून पडला, हेही मला माहीत नाही.

मी वकिलांना सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, "हायकोर्ट विचारेल, हा मेव्हणा तीन वर्षं कुठे होता? तुमच्या एकट्याच्या शब्दाला किंमत नाही. तुमच्या हातात कोयता कोणी पाहिला?" मी तुझं नाव घेतलेलं नाही. घेऊ का, एवढंच विचारायला हे पत्र. तू खोटी साक्ष दिलीस म्हणून तुझ्यावरही येईल, माझी नोकरी तर जाईलच. पण दाजी नाशिकच्या तुरुंगात आहेत आणि मी रोज फळ्यावर तारीख लिहितो आहे. मला आता हे झेपत नाही.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारा,
रवींद्र


वैशाखरे,
२ मार्च २००१

रविंद्र,

पत्र पोचलं. मी चौथी शिकलेली, चुकलं असेल तर तसंच वाच.

तू बरोबर वळखलंस. मला वाटलं तूच केलंस. आईला एकच मुलगा, म्हणून मी गप बसले. घरधनी निर्दोष आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाव होतं. तरी मी गप बसले. हे मी कोणाला बोलले नाय, देवाला पण नाय.

काल नाशिकला मुलाखतीला गेले होते. दर खेपेला जाळीपलीकडून एकच विचारायचे, "कोयता गेला कुठं गो?" मी म्हणायची, मला काय माहीत. काल सांगितलं. मी दिला, रवीने नेला.

रागावतील, थुंकतील वाटलं होतं. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, "म्हणजे कोयता खरंच घरात नव्हता? मला वाटाया लागलं होतं का मीच नेला असेल. एवढी शिकलेली माणसं सांगतात तर मीच मारलं असेल, आणि मला आठवत नाय."

तेवढ्यात टाइम संपला.

वकिलाला माझं नाव सांग. सोमवारी पहिल्या गाडीने मी शहापूरला येते. खोटं बोलले म्हणून मला धरलं तर धरू देत. तू खून केला नाय, हे मी मानते. पण माझ्या घरी येऊ नको. वकिलाच्या हापिसात भेटू, तिथं पण तू वेगळ्या बाकावर बस.

रामूची बायको,
हिराबाई