मेखेची जागा

सर, खुंट्याच्या सुळक्यावरची ती मेख काढून तुम्ही श्रीरामपूरला परत आलात, त्या दिवशी एसटीत तुमच्या मनात काय चाललं होतं, हे मला विचारायचं आहे. रागावला होतात का? की खिडकीशी बसून एकटेच हसत होतात? तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली आणि हा प्रश्न मला पडला तो गेल्या थंडीत. एवढा उशीर का, तर ज्या जागेवर त्याचं मूळ होतं तिकडे मी इतकी वर्षं फिरकलेच नव्हते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला माहीत नाही. पण आधी लिहा, मग बघू, असं तुम्हीच म्हणायचात.

शाळेच्या मागे तुमची दोन खोल्यांची जागा होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही सहाजण, पाच मुलं आणि मी, तिथल्या स्वयंपाकघरात जमायचो. तुम्ही लोखंडी कढईत शेंगदाणे भाजताय, काकू गूळ फोडून देताहेत आणि वर बोलताहेत, "सगळा गूळ त्या दगडांना चारा. घरात चहाला ठिवू नका." तुम्ही पीटीचे सर, गळ्यात शिट्टी, पोट जरा पुढे, टकलावर घाम. तुमच्याकडे बघून हा माणूस डोंगराचे कडे चढतो असं कोणी म्हटलं नसतं. पण पाटाच्या कडेने आमच्याबरोबर पळायला लागलात की दम आमचा जायचा. पळताना पाढा म्हणता आला पाहिजे, हा तुमचा नियम. एकोणतीसचा पाढा म्हणत आम्ही उसाच्या बैलगाड्यांना मागे टाकायचो आणि गाडीवाले आमची टिंगल करायचे. "पाढा तुटला की पाय आवरायचा," तुम्ही म्हणायचात. "आज जोर दाखवायला पळायचं न्हाई. उद्याबी पळता यावं म्हनून पळायचं." तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी मूठभर दाणे, आणि कुठे दुखलं तर तिथल्या तिथे सांगायचं, लपवायचं नाही. शेवगावला माझ्या शाळेतल्या मुलांना मी हेच शिकवते. गंमत म्हणजे एकोणतीसचा पाढा मला खुर्चीत बसून नीट येत नाही, चालायला लागले की येतो.

आणि ती वही. कापडी पाठीची, दोनशे पानी. डोंगरावर जाऊन आलं किंवा लांब पळून आलं की ज्याने त्याने आपल्या हाताने एक ओळ लिहायची: काय केलं, कुठे थांबलो, कशाचा आधार घेतला. खाली ज्याने दोर धरला त्याची सही, पळण्याला तुमची. ना कुठली स्पर्धा, ना प्रमाणपत्र. मी एकदा विचारलं, "सर, ही वही तपासणार कोण?" तुम्ही म्हणालात, "कोनी न्हाई. तपासनारा असता तर तुमी त्याच्यासाठी लिवलं असतं." पाटाच्या दुसऱ्या पुलापर्यंत पळालो असं लिहिणारा आपला एक गडी सोमवारी रडवेल्या तोंडाने आला होता, आठवतं? निम्मी वाट तो बैलगाडीत बसून गेला होता. आम्हाला वाटलं आता छडी. तुम्ही त्याच्या हातात पेन दिलंत. "तुझी ओळ हाय, तूच खोड. माझा हात तिला लागनार न्हाई." त्याने ओळ खोडली आणि लिहिलं, "गाडीत बसलो. ऊसपण खाल्ला." आम्ही पोट धरून हसलो आणि तुम्ही त्या नव्या ओळीपुढे सही केलीत. तुमचं स्वतःचंही तसंच होतं. रविवारी सकाळी चर्चला दिसत नाही म्हणून पाळकसाहेबांनी तुम्हाला हटकलं, तेव्हा डोंगरावर होतो म्हणून सांगून मोकळे झालात आणि वर बोलणी खाल्लीत. काकू वैतागल्या, "बरं नव्हतं म्हनायचं ना!" तुम्ही म्हणालात, "पन मला बरं हुतं."

खुंटा म्हणजे राजूरच्या पुढे, अकोले तालुक्याच्या डोंगरातला तो सुळका. गावातल्यांनी ठेवलेलं नाव, आणि दिसतोही तसाच, कुणी भलीमोठी गुरं बांधायला ठोकल्यासारखा. दोन तृतीयांश उंचीवर त्याचं पोट बाहेर येतं. त्या पोटावर एकच उभी भेग आहे, आणि त्या भेगेत आमच्या आधी कधीतरी शहराकडच्या गिर्यारोहकांनी एक लोखंडी मेख ठोकली होती, टोकाला कडी असलेली. "मेख पडलं तर वाचायला असती, चढायला न्हाई," हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल. कडीत दोर अडकवायचा, पण मेख हाताने धरून वर ओढून घ्यायचं नाही. घेतलंच तर लिहायचं. पाचही मुलांनी आपापल्या पाळीला ती धरली होती आणि तसं लिहिलं होतं: "मेख धरली." बाकी कुठे हात लावायला जागाच नाही, असं ते शपथेवर सांगायचे.

माझा नंबर लागला तेव्हा मी अकरावीत होते. त्र्याण्णव साल असावं. वडील साखर कारखान्यात फिटर. डोंगरावर जायची परवानगी त्यांनी दिली होती, पण एका वाक्यासकट: "जायचं तर कायतरी करून दाखव. पोरांमागं ओझी व्हायला जानार असशील तर घरी काम हाय." आत्या तर म्हणायच्या, पोरीच्या जातीला दगडाशी काय घेणं. हे सगळं डोक्यात घेऊन मी खुंट्याला हात घातला. तुम्ही खाली, दोर कमरेभोवती घेतलेला, कॅनव्हासचे बूट दगडाला रोवून. पोटाशी पोचले की खालच्यांना मी दिसेनाशी होते. तिथे मी मेखेत दोर अडकवला आणि हात काढून घेतला, हे खरं आहे. मग डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. गुळगुळीत. भेगेत बोटं घालू म्हटलं तर तिथे लोखंड. तीनदा प्रयत्न केला. हात दगडासारखे झाले, उजवा पाय शिलाई मशीनसारखा उडायला लागला. चौथ्यांदा मी मेख धरली. एका झटक्यात वर. पुढचं सोपंच होतं.

माथ्यावरून ओरडले. खालून तुमचा आवाज आला, "मेख?" आणि मी म्हणाले, "न्हाई धरली!" ठरवून नाही, सर. तोंडातून निघून गेलं. वाटलं, खाली उतरले की सांगू. पण तुम्ही शिट्टी वाजवायला लागलात. शाळेची ती पितळी शिट्टी, थांबतच नव्हतात. खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. मी उतरले तेव्हा तुमचे डोळे भरलेले होते. माझा हात हातात घेऊन तुम्ही बोटं उलटसुलट करून पाहिलीत आणि मुलांना म्हणालात, "बोटं बारीक हायत हिची. कुठंतरी जागा सापडली असंल." कारणसुद्धा तुम्हीच शोधून दिलंत. मी वहीत लिहिलं, "मेखेला आधारासाठी हात न लावता." तुम्ही सही केलीत, नेहमीपेक्षा मोठी. वडिलांनी कारखान्यातल्या सगळ्या पाळीला सांगितलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि घरच्यांना वाटलं मी दमले.

तीन-चार आठवड्यांनी तुम्ही ठरवलंत की एवढ्याशा पोरीला लागली नाही, तर मेख तिथे हवीच कशाला. माझी चाचणी परीक्षा होती, म्हणून मी आले नाही. खरं तर परीक्षा नसती तरी आले नसते. तुम्ही दोघा मुलांना घेऊन गेलात, माथ्यावरून दोराने उतरलात, आणि मेख काढलीत. सोमवारी मला घरी बोलावलंत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालेलं. पण काकूंनी चहा टाकला, आणि तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलंत. मेख होती. घासून, गंज काढून, तेलाचा हात लावलेली. "ही तुझी," म्हणालात. मग म्हणालात, "परत जाशील तवा ती जागा बघून ये." बशीतला चहा तुम्ही तोंडाला लावला नाहीत, साय धरली त्याच्यावर. मी म्हणाले, "थँक यू, सर." तुम्ही जरा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं." मला सुटल्यासारखं वाटलं. बक्षीस मिळालं, म्हणजे शंका नाही, असा माझा हिशेब.

तुम्ही काविळीने गेलात तेव्हा मी नगरला बीएडला होते. निरोप उशिरा आला, मी पोचेपर्यंत दफनविधी उरकला होता. काकूंनी कपाटातून वही काढून दिली. "तुझ्यासाठी काढून ठिवलीती ह्यांनी. दुसऱ्या कुनाला द्यायची न्हाई म्हनले." बाकीचे पाचजण तिथेच उभे होते. त्यांच्यासमोर ती वही घेताना, सर, मला दुःखाइतकाच अभिमानही वाटला. वाटलं, सगळ्यांत लाडकी मीच. त्या अभिमानावर मी शेवगावला मुलामुलींचा गट सुरू केला, वही सुरू केली, खरं लिहा म्हणून कडक तोंडाने सांगत आले. तुमची वही मात्र कपाटात खालच्या कप्प्यात, आणि मेख टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून.

गेल्या थंडीत गटातल्या मुलींनी हट्ट धरला, मॅडम, खुंटा. माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत, म्हणून एक तरबेज मुलगी आधी चढली आणि वरून तिने माझा दोर धरला. पोटाशी पोचले. मेखेची जागा मला लगेच ओळखू आली, दगडावर गंजाचा तांबूस ओघळ अजून आहे. भेग तिथेच तेवढी रुंदावते. मी हात घातला आणि चार बोटं आत गेली. पेरापर्यंत, घट्ट, जणू मापाने केलेली जागा. त्या अख्ख्या पोटावर धरायला तेवढी एकच जागा आहे, आणि मेख नेमकी तिच्यात ठोकलेली होती. ती असेपर्यंत तिला न धरता वर जाणं कुणालाच शक्य नव्हतं. बोटं बारीक असोत की जाड. मी दोराला लटकून तिथेच थांबले. वरून मुलगी विचारत होती, "मॅडम, काय झालं?" काय सांगणार तिला? मेख निघाली त्या क्षणी तुम्हाला कळलं होतं. पाचही मुलांनी खरं लिहिलं होतं आणि मी खोटं, आणि माझ्या खोट्यावर तुमची सही होती.

म्हणजे मेख घासताना तुम्हाला माहीत होतं. तेल लावताना माहीत होतं. चहा गार होत होता तेव्हा तुम्ही वाट बघत होतात, आणि मी थँक यू म्हणाले! तुम्ही बोलला का नाहीत? ओळ माझी होती म्हणून? त्या शिट्टीची लाज वाटली का तुम्हाला? की वडिलांपुढे माझी मान खाली जाईल म्हणून गप्प राहिलात? मी हे सगळे प्रश्न उलटसुलट करून पाहिले, तुम्ही माझी बोटं पाहिलीत तसे. एवढंच समजलं की वही मला लाडकी म्हणून दिली नव्हती. ती ओळ खोडू शकणारं जगात एकच माणूस होतं, म्हणून दिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं.

आता एक वाईट गोष्ट सांगते. त्या दिवशी थोडा दम घेऊन मी ती जागा चढले, मेखेशिवाय, दोराने कुठेही ओढून न घेता. आणि माथ्यावर पोचल्यावर मनात पहिलं काय आलं असेल? की चला, आता ओळ खरी झाली. तारीख तेवढी चुकीची. ह्या विचाराला धरून मी तीन महिने काढले, सर, शहाण्यासारखी मुलांना शिकवत. मग परवा एक आठवीतली मुलगी आली, बंधाऱ्यापर्यंत पळाले असं लिहिलं होतं, पण मधे मोटारसायकलवर बसले होते म्हणाली. मी तिच्या हातात पेन दिलं आणि तुमचंच वाक्य म्हणाले. म्हणताना जीभ जड झाली.

आज दुपारी शाळेतून आल्यावर वही काढली. ओळ खोडली. शेजारी लिहिलं, "मेख धरली होती." तुमची सही तशीच ठेवली आहे. ती खोडायला तुम्ही नाही, आणि माझा हात तिला लागणार नाही. नव्या ओळीपुढची जागा मोकळी आहे. खोडताना हात अजिबात थरथरला नाही, असं इथे लिहिणार होते. थरथरला.