दुसऱ्याच्या बोटाची संमती

३ मार्च

ती. ताईमावशीस,

शि. सा. न. कागदावर लिहिते आहे, कारण माझा फोन कंपनीचा आहे आणि त्यातलं कोण काय वाचतं याचा आता भरवसा राहिलेला नाही.

मी गोदामाच्या कार्मिक विभागात आहे, हे तुला ठाऊकच आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे सगळ्या कामगारांच्या मनगटाला पट्टे बांधले. पावलं मोजतात, एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात माणूस बाथरूमला किती वेळा गेला आणि किती मिनिटं बसला, हेही ते मोजतात. पॅकिंगच्या चौथ्या टेबलावर एक बाई होत्या. त्या एका शिफ्टमध्ये अकरा वेळा गेल्या. साहेबांनी तशी यादी काढून जेवणाच्या खोलीत लावली आणि पंधरा दिवसांनी कामात ढिलाई म्हणून बाईंना काढलं. बाईंनी दावा लावलाय. त्यांचं म्हणणं, माझ्या शरीराची माहिती मला न विचारता घेतली. नव्या कायद्याने विचारावंच लागतं.

कंपनी म्हणते, विचारलं होतं, टॅबलेटवर त्यांची संमतीची खूण आहे. मावशी, ती खूण माझ्या बोटाची आहे. पट्टे वाटले त्या दिवशी दोनशे माणसांची रांग होती, भोंगा व्हायला वीस मिनिटं, आणि वाचायची अकरा पानं. मी प्रत्येकाचा नंबर विचारला आणि टिचकी स्वतःच मारत गेले. आता कंपनीच्या वकिलांनी माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र तयार केलंय, की बाईंनी सगळं माझ्यासमोर वाचलं आणि स्वतःच्या हाताने खूण केली. साहेब म्हणतात, नुसती औपचारिकता आहे. आई म्हणते, नोकरी सांभाळ. तू काय म्हणतेस?

तुझ्या ओरड्याची वाट पाहणारी,
छबू

७ मार्च

चि. छबूस,

आशीर्वाद. पत्र वाचून शिसारी आली. हात धुऊन पुन्हा वाचलं, तरी गेली नाही. एक बाई किती वेळा बाथरूमला गेली याची यादी, आणि ती लावली कुठे, तर जेवणाच्या खोलीत! त्या माणसांच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा?

मी तीस वर्षं कारखान्याच्या कचेरीत काढली. आमच्याकडेही बाथरूमला जाताना पितळी बिल्ला न्यावा लागे, आणि तो द्यायला मीच बसत असे. मला वाटायचं, ही शिस्त आहे. बिल्ला मागायची लाज वाटते म्हणून एका मुलीने दिवसभर पाणीच पिणं सोडलं आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा माझे डोळे उघडले. तेव्हा मावशी सोवळं नेसून बोलते आहे असं समजू नकोस. त्या घाणीत माझेही हात बुडालेले आहेत.

तुझंही कौतुक नाही. रांग मोठी, म्हणून दुसऱ्याच्या वतीने होकार? उद्या घाई आहे म्हणून कुणाचं लग्नही लावून देशील! पण ती चूक आळसाची होती. प्रतिज्ञापत्रावर सही केलीस तर तीच चूक शपथेवरचं खोटं होईल. इतकीच औपचारिकता असती तर साहेबांनी स्वतः सही केली असती, त्यांच्या पेनातली शाई काही आटली नव्हती. सही करू नकोस. का करणार नाहीस ते दोन ओळींत लेखी कळव, आणि तिसरी ओळ लिहू नकोस.

तुझ्या आईला मी पाहून घेते. लहानपणापासून भित्री भागूबाई आहे ती.

राग गिळ, लोभ ठेव.
ताईमावशी

१९ मार्च

ती. ताईमावशीस,

सा. न. दोनच ओळी लिहिल्या, की खुणा मी केल्या, बाईंनी नाही, म्हणून सही करता येणार नाही. तिसऱ्या दिवशी मला काढलं. पहारेकऱ्याने माझी पिशवी टेबलावर उपडी केली, डबासुद्धा उघडून पाहिला. सहा वर्षं शेजारी बसलेल्या मैत्रिणी संगणकाच्या पडद्यावर डोळे लावून बसल्या होत्या.

काढल्याच्या पत्राची नक्कल सोबत पाठवते. त्यात लिहिलंय, की मी दोनशे कामगारांच्या नावापुढे त्यांना न विचारता, त्यांच्या नकळत संमतीच्या खुणा केल्या, आणि हे गंभीर गैरवर्तन आहे. वाचून मान वर होत नाही. लिहिलंय ते खरंच आहे ना! आई दोन दिवस बोललेली नाही. तुझं ऐकलं, म्हणून तुझ्यावरही थोडी रुसले आहे. थोडीच.

तुझी,
छबू

२२ मार्च

चि. छबूस,

आशीर्वाद. रुसायचं नंतर, आधी चष्मा लाव.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. न्यायालयात कंपनी सांगते की बाईंनी स्वतः होकार दिला. आणि तुला काढताना तीच कंपनी, शिक्क्यासह, लिहून देते की बाईंना कुणी विचारलंच नाही! एका धडाला दोन तोंडं, आणि दोन्ही खरकटी. तुला घालवायची घाई इतकी, की वकिलाला विचारायचंही सुचलं नाही.

ते काढल्याचं पत्र तुझ्या नावाने आलेलं आहे, तुझं आहे. ते घेऊन सरळ बाईंच्या वकिलाकडे जा. मात्र एक समजून जा. त्यात तुझीही चूक लिहिलेली आहे आणि ती भर न्यायालयात मोठ्याने वाचली जाईल. सारवासारव करू नकोस. जे केलंस ते केलं म्हण.

गेल्याचं कळव. माया आहे, ती ओरडल्याने आटत नाही.
ताईमावशी

३० जून

ती. ताईमावशीस,

सा. न. काल निकाल लागला. बाईंना कामावर परत घ्यायचं, त्यांची माहिती पुसून टाकायची आणि पट्ट्यांनी बाथरूम मोजायचं नाही, असा हुकूम झाला. माझ्या साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी विचारलं होतं, की मी कामचुकार आहे हे मला मान्य आहे का. मी म्हटलं, त्या दिवशी होते. न्यायाधीशांनीही मला चार शब्द सुनावले. मी मान खाली घालून ऐकले. नोकरी अजून नाही. आई मात्र बोलायला लागली आहे, म्हणजे टोमणे सुरू झाले आहेत.

निकालानंतर बाहेर जिन्यापाशी बाईंची माफी मागायला गेले. त्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे. घरी काळजी नको म्हणून त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. यादी लागली त्या दिवशी त्याला त्यांच्या अकरा फेऱ्यांचं तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तेही हसत हसत. पट्टा बाथरूमही मोजतो हे आधी समजलं असतं तर तो बांधूनच घेतला नसता, असं त्या म्हणाल्या.

मी पुन्हा रांगेचं सांगू लागले, किती माणसं होती, वाचायची पानं किती, वेळ किती थोडा होता. त्यांनी मला मध्येच थांबवलं. त्या रागावल्या नाहीत, की आभारही मानले नाहीत. आपल्याला वाचता येतं, एवढंच सांगितलं आणि जिना उतरून गेल्या.

तुझी,
छबू