कपात मावलेलं पाणी

डोंबिवली, शनिवार संध्याकाळ

आज जिंकलो! मेहुणी नंदा कल्याणहून आमच्याकडे बिस्किटं करायला आली. उद्या तिच्या मुलीचा साखरपुडा, आणि पहिला घाणा हातात घेताच भुगा. कृतीत एक कप बटर होतं. नंदाने फ्रिजमधल्या बटरचे तुकडे करून कप काठोकाठ भरलेला.

म्हटलं, "वजन कर. कपात दोनशे तीस ग्रॅम तरी बसायला हवं."

"भावोजी, बिस्किटं करतोय, मंगळसूत्र नाही!" बायकोही हसली.

वाद घातला नाही. तसाच कप पुन्हा भरायला लावला आणि वरून पाणी ओतलं. चांगलं अर्धी वाटी गेलं.

"कप भरलेला होता ना? मग हे पाणी कुठे मावलं?"

बटर निथळून काट्यावर ठेवलं, तर एकशे साठ. सत्तर ग्रॅम कमी!

दुसरा घाणा वजनाने केला. काय खुसखुशीत! हे मला शिकवलं कोणी? माझं मीच. पाण्याचं तर आयत्या वेळी सुचलं. ते कपात उतरणारं पाणी अजून डोळ्यांसमोर आहे.

निघताना नंदा दारात घुटमळली. "भावोजी, तो काटा द्या ना दोन दिवस."

दिला. सपाट ओट्यावरच ठेवायचा, हे दोनदा बजावून.