आधी कळलं होतं

बाबा, तुमच्याशी मी शेवटचं मन मोकळं करून बोलले ते आपल्या पाळी गावच्या घरातल्या स्वयंपाकघरात, आणि ते बोलणं तुम्ही मरेपर्यंत विसरला नसणार. त्यानंतर वर्षभर आपण एका घरात राहिलो, जेवलो, एकमेकांना हाका मारल्या, पण बोललो असं म्हणता येणार नाही. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमची आठवण यायची ती सणावाराला, तुमच्या तिथीला, कधी एखादा खनिजाचा ट्रक धूळ उडवत गेला की. गेल्या मार्चपासून मात्र तुम्ही रोज येता.  नुसते दारातल्या सोप्यावर बसलेले दिसता.

आधी माझं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती इंजिनियरिंग पुरी केली होती. आता मी तसल्याच एका कॉलेजात शिकवते, राहते डिचोलीत. गेली सहा वर्षं मुलांच्या प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे आहे. म्हणजे कंपन्यांना कॉलेजात बोलवायचं, त्यांच्या परीक्षा आणि मुलाखती पार पाडायच्या, आणि शेवटचं वर्ष संपायच्या आत मुलांच्या हातात नोकरीचं पत्र पडेल असं बघायचं. तुम्हाला हे काम आवडलं असतं. कुणाला कामाला चिकटवून द्यायचं म्हटलं की तुम्ही जेवण सोडून उठायचात.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पुण्याची एक मोठी कंपनी आली आणि आमची अकरा मुलं घेऊन गेली. त्यात जवळच्या नार्वे गावची एक मुलगी होती. तिच्या वडिलांची नदीकाठी शेती, आई बुधवारी डिचोलीच्या बाजारात भाजी घेऊन बसते. मुलगी कमी बोलायची. काही विचारलं की लगेच उत्तर न देता जरा थांबायची, आणि मग जे सांगायची ते बरोबर असायचं. पत्र आलं त्या आठवड्यात तिची आई कॉलेजात आली. डब्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणल्या होत्या. डबा माझ्या टेबलावर ठेवून ती उभीच राहिली. मी बसायला सांगितलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "मॅडम, पत्र इंग्रजीत आहे. पोरगी वाचून दाखवते, पण तुम्ही एकदा सांगा. नोकरीचंच ना ते?"

"नोकरीचंच," मी म्हटलं. "पक्की झाली तुमच्या मुलीची नोकरी."

ती डोक्यावरचा पदर सारखा करून हसली. पातोळ्या आम्ही स्टाफरूममध्ये वाटून खाल्ल्या.

आमच्याकडे एक नियम आहे. ज्याला एक नोकरी मिळाली त्याने दुसऱ्या कंपनीसाठी बसायचं नाही, म्हणजे बाकीच्यांना वाव मिळतो. नियम चांगला आहे. तो मीच लिहिला होता.

फेब्रुवारीत एका दुपारी मी डबा उघडत होते आणि पुण्याहून फोन आला. त्या कंपनीतला भरतीचं काम बघणारा माणूस. आमची चांगली ओळख झाली होती. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आपल्यातल्या म्हणून सांगतो. बाजार फार वाईट आहे. परदेशातली कामं थांबलीत. यंदाची सगळी पत्रं मागे घेणार आहेत. मेल यायला दोनतीन आठवडे लागतील, तोवर मुलांना काही बोलू नका. उगाच गडबड होईल." मी म्हटलं, "समजलं." फोन ठेवल्यावर मुलांसाठी वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्याच बाजूला आणखी एक काहीतरी होतं, आणि ते तुमच्यापासून लपवायला नको. मला बरं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या माणसाने सगळ्यांच्या आधी मला सांगितलं, माझ्यावर विश्वास टाकला. मी डबा खाल्ला. दोन वाजता वर्गावर गेले. पहिल्या बाकांवर त्या अकरांतली चार मुलं बसली होती.

चार दिवसांनी इथल्याच वेर्ण्याची एक छोटी कंपनी आमच्याकडे येणार होती. आदल्या दिवशी ती मुलगी माझ्या खोलीत आली. दारातच थांबली.

"मॅडम, मी उद्याच्या कंपनीला बसू का?"

"तुझं झालंय ना?"

"झालंय. पण बाबांचे गुडघे फार दुखतात. शेतात आई एकटी पडेल. वेर्णा असलं तर रोज घरी येता येईल." ती जरा थांबली. "पुण्याचं मी सोडते, मॅडम. तसं लिहून देते."

बाबा, ती स्वतःच सोडायला तयार होती. मला कुणाचं गुपित फोडायची गरजच नव्हती. नुसतं 'बस' म्हणायचं होतं. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा. आणि आता तू मागे फिरलीस तर ती कंपनी पुढच्या वर्षी आपल्याकडे येईल का? एकदा शब्द दिला की तो पाळायचा असतो."

"बरं, मॅडम," ती म्हणाली आणि दार आवाज न करता ओढून गेली. वेर्ण्याच्या कंपनीने तिघांना घेतलं. त्या तिघांपेक्षा ती हुशार होती.

मार्चमध्ये मेल आली. पाच ओळींची. खेद आहे, परिस्थिती आमच्या हातात नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. अर्ध्या तासात अकरा जणं माझ्या खोलीत जमली. बसायला जागा नव्हती. एकजण उगाचच हसत होता, एकीने बापाला फोन लावला होता आणि उचलल्याबरोबर बंद केला. ती मुलगी कपाटाला टेकून उभी होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. "मॅडम, तुम्हाला आधी काही कळलं नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं. "मलाही आजच कळलं."

ते म्हणताना मी हनुवटी जराशी वर उचलली आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीकडे बघितलं. आणि तिथेच मला ते ओळखू आलं. कारण तसं 'नाही' मी आधी एकदा पाहिलं होतं. तुमच्या तोंडून.

तुम्ही जायच्या आदल्या वर्षीचा तो गुरुवार. दिवाळीची सुट्टी संपत आलीय. तुम्ही खाणीच्या ऑफिसातून लवकर घरी येता. सदऱ्याच्या कॉलरवर धुळीची नेहमीची तांबडी रेघ, हातात पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव, आणि चेहरा खुशीत. आईला म्हणता, "आज मॅनेजरने आत बोलावून समोरच्या कदेलीवर बसवलं मला. वीस वर्षांत पहिल्यांदा." कशासाठी ते सांगत नाही. उंडा मोडून आम्हाला देता.

शुक्रवारी संध्याकाळी तो बेळगावकडचा माणूस येतो, खाणीवरच्या मशिनींना ग्रीस लावणारा. तो सतत आपल्याकडे यायचा. त्याला खोली तुम्हीच बघून दिली होती, त्याच्या दोन मुलींचे शाळेचे अर्ज आपल्याच मेजावर बसून तुम्हीच तुमच्या वळणदार अक्षरात भरले होते. मी चहा घेऊन बाहेर येते तेव्हा तो सांगत असतो, "साहेब, परवा रविवारी आणतोय मंडळींना. टेम्पो ठरवलाय." तुम्ही कप हातात घेता. चहात साखर घातलेली असते, तरी चमचा मागता आणि बराच वेळ ढवळत बसता. मग म्हणता, "आण. सांभाळून आण."

रविवारी टेम्पो आला. भांडी, वळकट्या, तांदळाच्या पोत्यावर बसलेल्या दोन मुली, दोघींच्या वेण्यांना नव्या रिबिनी. सोमवारी खाणीच्या फळ्यावर कागद लागला. खनिजाचा भाव पडला, काम बंद, पुढची सूचना मिळेपर्यंत कुणी येऊ नये. त्या संध्याकाळी तो आपल्या दारात आला तेव्हा धाकटी त्याचं बोट धरून होती. त्याने चप्पल काढली नाही, वर आला नाही. खालूनच विचारलं, "साहेब, तुम्हाला म्हाईत नव्हतं व्हय?"

तुम्ही सोप्यावर बसला होता. हनुवटी वर उचलून, त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत म्हणालात, "नाही."

तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. तुम्ही तरी काय करणार." आणि मुलीला घेऊन गेला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आई बांगडे साफ करत होती आणि तुम्ही तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. "गुरुवारीच सांगितलं होतं मला. नदीतली खनिजाची बार्ज भरून होईपर्यंत तोंड उघडू नको म्हणाले." मी दारात कळशी घेऊन उभी होते. मी वीस वर्षांची होते, बाबा, आणि मला सगळं स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "त्या पोरीच्या तोंडाकडे बघूनसुद्धा तुम्ही खोटं बोललात. मला तुमची लाज वाटते." आई म्हणाली, "गप गो बाय." तुम्ही मोरीकडे गेलात. हात धुतले, पंच्याला पुसले, आणि परत बाहेर जाऊन बसलात.

त्या मुली दहाबारा दिवस शाळेत गेल्या, मग जायच्या थांबल्या. आपल्या दारावरून पाण्याला जायच्या. त्या येताना दिसल्या की तुम्ही सोप्यावरून उठून आत जायचा. दीड महिन्याने ते कुटुंब परत गेलं. त्यांना साखळीच्या बसस्टँडवर पोचवायला तुम्ही गेला होता, वळकटी खांद्यावर घेऊन. परत आलात ते बराच वेळ विहिरीवर पाय धूत होता. मी खिडकीतून बघितलं आणि पुस्तकात डोकं घातलं. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आधी तुम्ही गेलात. इस्पितळात तीन आठवडे मी तुम्हाला पेज भरवली. तुम्ही विचारायचा, "परीक्षेचं काय?" मी म्हणायचे, "बरी गेली." पुढे काही विचारावं असं मी तुम्हाला वाटू दिलं नाही.

इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही घाबरलात. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलात. तसं समजून तुमचा राग करणं सोपं होतं, आणि पुढे तुमची कीव करणंही सोपं होतं. आता मला ते उंडे आठवतात. तुमचा खुशीतला चेहरा आठवतो. तुम्हाला आत बोलावून बसवलं होतं, बाबा. आणि एकदा आत बसल्यावर बाहेरच्या माणसाला हाक मारायची म्हणजे उठावं लागतं. मला कुणी धमकावलं नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती. मी त्या मुलीला सांगितलं असतं तरी पुण्याच्या त्या माणसाला कळलंही नसतं.

मी त्या दिवशी जे बोलले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तुम्ही त्याला सांगायला हवं होतं. 'चार दिवस थांब' एवढंच. पण एवढंच सांगणं किती जड असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी तुमच्याशी वर्षभर अबोला धरला. माझ्या मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती बारा वर्षांची आहे. तिला सगळं स्पष्ट दिसायला अजून थोडी वर्षं आहेत.

मेल आल्यानंतर मी खूप धावपळ केली. कारखान्यांत गेले, जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, दोन ठिकाणी तर हात जोडले. अकरांतल्या सात जणांना काही ना काही मिळालं. तिला नाही मिळालं. ती सध्या इथल्याच औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, ठेकेदाराकडून. एकदा सकाळी बसस्टॉपवर दिसली, निळा कोट घडी करून हातावर घेतलेला. मला बघून उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

आणि गेल्या बुधवारी बाजारात तिच्या आईने मला हाक मारली. मी बघितलं नाही असं करून पुढे जाणार होते. तिने वांगी तोलली आणि वर चार जास्तीची माझ्या पिशवीत टाकली. मी नको म्हटलं तर माझा हात धरून म्हणाली, "ऱ्हावंदी मॅडम. पोरांसाठी तुम्ही किती धावलात ते पोरगी सांगते घरी. कंपनीने फसवलं, त्याला तुम्ही काय करणार. तुम्हाला तरी काय ठाऊक."

तिचा हात ओला आणि मातीने खरखरीत होता. मी पैसे मोजून दिले. बाजारात गर्दी होती, मागची बाई घाई करत होती, तेवढ्यावर निभावलं.

आज रविवार. घरातली सगळी बाहेर गेलीत. मी जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितेय. लिहून झालं की कुठे ठेवायचं हे ठरवलेलं नाही. पाठवायचा तर प्रश्नच नाही. एक गोष्ट मात्र सांगते. सकाळी मी तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. वर त्या मुलीचं नाव लिहिलं होतं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे, नार्वे इथून पंधरा मिनिटांवर आहे. नावापुढे स्वल्पविराम दिला आणि बराच वेळ तिथेच थांबले. मग तो कागद फाडला, नवा घेतला आणि 'बाबा' लिहिलं, कारण तुम्ही हे वाचणार नाही.