आगाऊ पैसे घेतले जाणार नाहीत

३ मे, सोमवार

पार्सल आजही नाही! अॅप म्हणतं, ‘वाटेत आहे.’ वाटेत काय संसार थाटलाय का त्याने?

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शिलाई मशिनी उघड्या पडल्यात — कुणाला मोटर हवी, कुणाला सर्किट बोर्ड. सगळ्या पार्टांचे पैसे ऑनलाइन भरून मी मोकळी झालेय, आणि मशीन चालू झाल्याशिवाय गिऱ्हाइकाकडून दमडी घ्यायची नाही हा बाबांचा नियम. पाटीच आहे त्यांच्या हातची, काउंटरच्या मागे — ‘आगाऊ पैसे घेतले जाणार नाहीत.’ बाबा गुडघ्यांमुळे घरी बसले, दुकान माझ्याकडे आलं, त्याबरोबर नियमही आला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

४ मे, मंगळवार

वाटेतच.

५ मे, बुधवार

शिलाई मशिनींच्या मोठ्या शोरूमच्या साहेबांचा फोन. दुरुस्ती विभागात जागा आहे म्हणे. पगार वेळेवर, पार्ट कंपनीचे. शनिवारपर्यंत कळवायचंय. ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं! पण मग दुकानाला कुलूप. बाबा रोज विचारतात, आज कोण कोण आलं होतं. त्यांना काय सांगू?

६ मे, गुरुवार

गणवेशवाल्या काकू आल्या. शाळा उघडायला आल्यात, घरात कापड कापून पडलंय, आणि त्यांची मशीन माझ्याकडे बोर्डावाचून गप्प बसलीय. ऑनलाइनवाल्यांना फोन लावला — एका बाईने गाणं ऐकवलं, दुसरीला जोडून दिलं, तिनेही गाणंच ऐकवलं. बाजारातल्या व्यापाऱ्याकडे तोच बोर्ड आहे, पण महाग, आणि उधारीचं नाव काढायचं नाही. माझी सगळी रोकड त्या पार्सलात अडकलेली.

काकूंना खरं ते सांगून टाकलं. त्यांनी लगेच पर्स उघडली. मी पाटीकडे बोट दाखवलं.

“अगं, माझे गणवेश काय ती पाटी शिवणार आहे का?”

तरी नाही घेतले. बाबांचं नाव मध्ये आलं की माझी अक्कल गहाण पडते. काकू पर्स मिटून निघून गेल्या, आणि मला दिवसभर काही सुचलं नाही.

७ मे, शुक्रवार

घेतले!

सकाळी स्वतःच काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. लाजेने मान वर होईना. त्यांनी पैसे हातात कोंबले आणि म्हणाल्या, आता पळ. तशीच व्यापाऱ्याकडे गेले, दुपारी बोर्ड बसवला. चिंधीवर टाका मारून पाहिला — सरळ, एकसारखा! काकूंना बोलावलं; त्यांनी दुकानातच खुर्ची ओढून एक बाही जोडून पाहिली, मगच उरलेले पैसे दिले.

जेवताना बाबांनी विचारलं, पार्सल आलं वाटतं? मी नुसतं ‘हं’ केलं. इतक्या वर्षांचा त्यांचा शब्द मी मोडला, आणि वर खोटंही बोलले.

८ मे, शनिवार

काकूंनी गल्लीभर बोभाटा केलाय. उशा शिवणारा आला, पिशव्यावाली आली. दोघांनीही न मागता काउंटरवर पैसे ठेवले — आधी घे, पण आधी आमचं कर. उद्या बाजार बंद, सोमवारी मोटरी आणते.

मी पाटीसमोर दोऱ्यांचं कपाट सरकवलं आणि घेतले. शोरूमला ‘नाही’ कळवून टाकलं. दुकान चालेल असं वाटतंय. खरंच वाटतंय.

आता बाबांना सांगायलाच हवं.

९ मे, रविवार

सांगितलं सगळं. बाबा इतके हसले की ठसका लागला.

“अगं, कसला नियम! मागून मागून थकलो, कुणी देईना. म्हणून लाज झाकायला पाटी रंगवली.”

मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

“तुला देतात?”