पाणी घेतलं, भात नाही

बाबा, आधी एक चूक दुरुस्त करते. कॉलेजातल्या निबंधात मी लिहिलं होतं की जातीनं बंद केलेल्या बहिणीच्या घरी जाऊन माझ्या वडिलांनी चारचौघांदेखत भात खाल्ला, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. हे खरं नाही. तुम्ही फक्त पाणी घेतलंत. दिवाळीत घरी आले तेव्हा मोठ्या हौसेनं तो निबंध आईला वाचून दाखवला. ती सुकलेले झिंगे निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुह्या बापानं? त्यानं तं पाणी बी उभ्यानंच पेला. थाळी तुही होती, माय." आणि हसली. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी ती थाळी तुमच्यासमोर पाहत आले होते.

तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होते. आता नागपुरात कायदा शिकते. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे पुस्तकातलं काही समजलं की ते तुमच्या भाषेत उलटवून पाहायची मला सवय लागली आहे. निबंधाचा विषय होता, पॅलेस्टाईनच्या अरबांच्या राज्याला आपल्या देशानं मान्यता द्यावी का. वर्गात मागून कुणीतरी म्हणालं होतं, चांद्याच्या जंगलातली बाई आता जगाचा न्याय करणार. मी वळून पाहिलं नाही, पण त्या रात्री दोन पानं जास्त वाचली.

तुम्हाला सांगायचं तर ते असं आहे. तो मुलूख आपल्यासारखाच सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होता. ते निघताना जगातल्या राष्ट्रांच्या सभेनं ठराव केला की तिथं दोन राज्यं व्हावीत, एक ज्यूंचं, एक अरबांचं. आपल्या देशाला ही वाटणीच पसंत नव्हती. तरी पहिलं राज्य उभं राहिलं, ते इस्रायल, आणि पुढे आपल्या सरकारनंही त्याला मान्यता दिली. मात्र राजदूत अजून ना तिकडे गेला, ना इकडे आला. वहीच्या कडेला मी दिवाळीनंतर तिथं लिहून ठेवलं आहे, 'पाणी घेतलं, भात नाही.' दुसरं राज्य उभंच राहिलं नाही. त्याच्या वाट्याची काही जमीन लढाईत इस्रायलकडे गेली, काही जॉर्डननं आपल्यात मिळवली, गाझाच्या पट्टीत इजिप्तचं सैन्य आहे. गाझात एक सरकार जाहीर झालं, बऱ्याच अरब देशांनी ते मानलंही, पण त्याच्या हातात काही नाही. माणसं तंबूत राहतात. कायदा चार गोष्टी विचारतो: कायमची वस्ती आहे का, ठरलेली जमीन आहे का, कारभार आहे का, दुसऱ्यांशी व्यवहार करण्याची ताकद आहे का. वर्गात विरुद्ध बाजूनं बोलणारे म्हणाले, चारांपैकी एकच आहे, माणसं. मी लिहिलं की बाकीच्या तीन गोष्टी शेजाऱ्यांनी दार लावून घेतल्यावर येणार कुठून. पुरावा म्हणून तुमचा भात दिला.

आमचे प्राध्यापक मायाळू आहेत, पण सोडत नाहीत. म्हणाले, बाई, आत्याचं घर म्हणजे राष्ट्र नव्हे, तरी चला, तुमचंच उदाहरण घेऊ. मान्यता म्हणजे नुसती माया नव्हे. ती दिली की हद्द कुठवर ते सांगावं लागतं, त्यांच्या वतीनं कोण बोलणार ते ठरवावं लागतं, त्यांच्या जमिनीवर जो बसला आहे त्याला, तू इथं कोणत्या हक्कानं, असं तोंडावर विचारावं लागतं. शिवाय एकदा दिली की सहज परत घेता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना काय किंमत पडली?" मी उभी राहून सांगितलं, "काही नाही, सर." आईनं थाळीचं सांगितल्यापासून हे उत्तर मला बसू देत नाही.

तो दिवस आता पुन्हा पाहते. मार्कंड्याची जत्रा, महाशिवरात्र. मी सात-आठ वर्षांची, तुमच्या खांद्यावर. वैनगंगेच्या वाळूत माणसांचा नुसता गजबजाट. आत्या दर वर्षी तुम्हाला तिथंच भेटायची, कधी गावात नाही, आणि मला वाटायचं की तिला जत्रा आवडते. आज कळतं. शिवरात्रीला सगळ्यांचा उपास. कुणी कुणाकडे जेवायचं नसतं, म्हणून कुणी कुणाला नाही म्हणत नाही. ज्यानं त्यानं आपापली रताळी विकत घ्यायची आणि झाडाखाली शेजारी बसून खायची. सगळ्या वर्षात तो एकच दिवस असा की बंद घराची बाई आणि पंचाच्या घरचा माणूस एका सावलीत बसले तरी कुणी बोट दाखवू शकत नाही. पहिला नवरा वारल्यावर आत्यानं सागाचे तराफे सिरोंच्याकडे नेणाऱ्या एका तेलुगू माणसाशी संसार मांडला. आपल्यात विधवा बाईचा पाट, दुसरा घरोबा, चालतो, पण जातीबाहेर नाही. पंचांनी घर बंद केलं. घर बंद म्हणजे त्या घरचा भात कुणी खायचा नाही, आणि ज्याचा भात खात नाहीत त्याला गावच्या तलावातल्या मासळीत वाटा नाही. तुम्ही बोलून बोलून एवढंच सोडवून आणलं होतं की पाणी चालेल.

त्या वर्षी आत्या म्हणाली, एवढं आलाच आहेस तर घर पाहून जा. तुम्ही गेलात. अंगण सारवलेलं, चुलीवर भात. उपासाच्या दिवशी भात. शेजारची माणसं कुडाशी उभी. आत्यानं थाळी आणून तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही लोटा उचलला, उभ्यानं पाणी प्यालात, तोंड पुसलंत.

"आज शिवरात्र हाय ना, बाई."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "उद्या तं नाई ना शिवरात्र. उद्या थांबशीन?"

तुम्ही खाली पाहिलंत. मग थाळी माझ्याकडे सरकवलीत. "खाय तू." मी बसले आणि जेवले. आत्या माझ्याकडे बघत राहिली आणि तुम्ही नदीकडे. परत आल्यावर पंचांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, पोरगी जेवली, अन् लेकराचं मोजत नाई. हे आईनंच सांगितलं. पंच हसले आणि विषय मिटला.

तुम्ही भ्यालात असं आधी वाटलं. मग आठवलं की तुम्ही जेवला असतात तर आपलंही घर बंद झालं असतं, आणि पंचांसमोर आत्याची बाजू मांडायला कुणी उरलं नसतं. मोठे देशही हेच कारण देतात: आमची मान्यता आधी देऊन टाकली तर मध्यस्थ म्हणून आम्हाला कोण विचारील, आधी बोलणी होऊ द्या. कारण खोटं नाही. पण तुम्ही दुसऱ्याच वर्षी तापानं गेलात आणि बोलणी तिथंच राहिली. ज्याला थांबायला सांगितलं तो आपला थांबलेलाच. तंबूतल्या माणसांचा विचार करताना आता मला हेच टोचतं. थांबा म्हणणारा सदिच्छेनं म्हणतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जातो.

आता तुमच्या जागी पंचांत भाऊ बसतो. आत्याचा नवरा वारला. तिचा मुलगा नदीत जाळं टाकतो, तलावात त्याला उतरू देत नाहीत, आणि यंदा त्याचं लग्न अडलं आहे. मी दिवाळीत भावाजवळ विषय काढला. तो वाईट नाही, बाबा. तोही म्हणतो की आत्याचं घर आहे, चूल आहे, पोरगा कष्टाळू आहे, सगळं आहे. मग अडलं कुठं, विचारलं तर म्हणाला, "मी खाल्लं तं तिले तलावात वाटा द्या लागन. कोणाच्या वाट्यातून देऊ, सांग. अन् नाई देल्ला तं आपलंच घर बंद होईन. तू तं जाशीन निंगून नागपूरले. मायनं पाणी कुठून भराव मंग?" प्राध्यापकांनी जे तासभर समजावलं ते त्यानं चुलीजवळ बसून सांगितलं. निबंधात मी किती सहज लिहिलं होतं, मान्यतेनं कुणाचं काही जात नाही. जातं. वाटा देताना कुणाचा तरी जातो, आणि तो कुणाचा हे न सांगता मान्यता द्या म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या थाळीतून दान करणं.

तरी माझं मत बदललेलं नाही. बोलणी संपल्यावर मान्यता, असं म्हटलं की बोलणी न संपवणाराच मालक होतो. आत्याच्या घराला घर म्हटल्याशिवाय तिच्या वाट्याचं बोलणं सुरूच होणार नाही, कारण आज पंचांत तिच्या नावानं बोलायलाच कुणी नाही. तिकडच्या माणसांचंही तेच आहे. आधी राज्य म्हणा, मग हद्दीवर भांडा, पण भांडताना तेही समोर बसलेले असू देत. निबंध मी पुन्हा लिहिला. तुमचा भात काढला, पाणी घातलं, आणि किंमत पडते असं स्पष्ट लिहिलं. प्राध्यापकांनी वाचून नुसती मान हलवली. निबंध दुरुस्त करणं सोपं होतं.

कारण आता माझं मोजतात, बाबा. मी लेकरू नाही आणि लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली नाही, अजून तुमच्याच घरची आहे. आत्याच्या अंगणात मी जेवले तर ते आपल्या घरानं जेवल्यासारखं होतं, आणि पंचांना एक तर तिचं घर उघडावं लागेल नाही तर आपलं बंद करावं लागेल. भाऊ विचारील, हा हक्क तुला कुणी दिला. बरोबरच विचारील. मी एकटी घराच्या वतीनं कशी बोलू, यावर मी किती तरी दिवस अडून बसले. शेवटी एवढं ठरवलं की चोरून जेवायचं नाही. जत्रेत आधी भावाला सांगीन, मग आईला. ते नाही म्हणाले तर त्यांचं 'नाही' पंचांपुढे तसंच सांगीन, म्हणजे माझं जेवण माझ्या नावावर राहील. पंच ते वेगळं धरतील का, माहीत नाही. आईच्या पाण्याचं काय, तेही माहीत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही, तरी तिनं काल एका गाववाल्याच्या हाती माझ्याकडे झिंग्यांची पुडी धाडली, आणि निरोप, आत्याला आवडतात. एवढाच.

हे पत्र वहीतच राहील. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मोठ्यानं वाचून दाखवायचा धीर मला नाही. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. आत्याचा भात त्या दिवशी फार खारट झाला होता. घाबरून तिनं दोनदा मीठ घातलं असावं. तुम्ही बघत असाल म्हणून मी सगळा संपवला, पण तुम्ही नदीकडे बघत होतात.

मूल गावापर्यंत छोट्या रेल्वेनं येईन, पुढे डोंग्यानं नदी ओलांडीन. शिवरात्रीला सगळ्यांसारखा उपास करीन, रताळी आपली आपण घेईन. आणि त्या रात्री परत फिरणार नाही, आत्याच्या घरी थांबेन. जेवेन ती दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, पारण्याच्या वेळी, उजेडात, अंगणात बसून.